डबा खायला सोबत कोणी नाही : अतिहुशार मुलांचं मन आणि आपण

उजनीकाठ | ८ जानेवारी, रात्री ९:१२

हुशार मुलासाठी काय करायचं हे सोलापुरात कुणालाही विचारा, दहा मिनिटांत यादी मिळते. शिष्यवृत्तीचे क्लास, होमी भाभा बालवैज्ञानिक, पोखरापूरच्या नवोदयची प्रवेश परीक्षा, ऑलिंपियाड, अबॅकस. पण त्याच मुलाला मधल्या सुट्टीत डबा खायला सोबत कोणी नसेल तर काय करायचं, असं विचारलं की लोक गप्प होतात, नाहीतर 'मोठं झालं की होईल नीट' म्हणून विषय संपवतात.

चित्र साधारण असं असतं. वय आठ, वाचन सातवीच्या पुस्तकाचं. चित्रात एक रेघ चुकली की कागद फाटतो, खेळात हरलं की पट उधळला जातो. वर्गात बाईंची चूक भर वर्गात दुरुस्त होते, मग पोरं म्हणतात, "लई शाना झालाय बे." आणि रात्री दिवा मालवला की प्रश्न : आजी मेली तर ती नक्की कुठं जाईल?

हे का होतं, घरी आणि शाळेत नेमकं काय करता येतं आणि आपल्या गावात त्यासाठी काय सोय आहे, एवढं या धाग्यावर जमा करूया. एक विनंती, स्वतःच्या मुलांचे किस्से इथे नकोत. ही मुलं उद्या मोठी होऊन हे वाचतील. माहिती द्या, उपाय द्या.

मानसवेध | ८ जानेवारी, रात्री १०:०५

धागा काढलात हे फार बरं केलंत. मी 'का होतं' यापासून सुरुवात करते.

या मुलाला एकच वय नसतं. तुमच्या उदाहरणातल्या आठ वर्षांच्या मुलाची समज बाराची आहे, भावना आठाच्या आहेत (दमलं असेल तर सहाच्या), आणि बोटांची पकड आठाचीच आहे. चित्र काढताना डोक्याला दिसणारा पूल बाराव्या वर्षाचा, हाताने उतरणारा आठव्या वर्षाचा. दोन्हींतली तफावत दुसऱ्या कुणाला दिसण्याआधी त्यालाच दिसते आणि कागद फाटतो. अमेरिकेतल्या कोलंबस गट या अभ्यासकांच्या गटाने १९९१ साली प्रज्ञेची, म्हणजे अतिहुशारीची, व्याख्याच या असमान वाढीवर बेतली. बुद्धी जितकी जास्त, तितकी ही ओढाताण जास्त, असं त्यांचं म्हणणं.

आपण मोठी माणसं इथेच फसतो. कृष्णविवरावर बोलणारं मूल बुटाच्या नाडीवरून रडायला लागलं की 'एवढं कळतं आणि एवढंसं कळत नाही?' असं तोंडातून जातं. खरंच कळत नसतं हो. विषय समजावताना बाराचं धरा, समजूत काढताना आठाचं धरा, लिहायला बसवताना हाताचं वय बघा.

घरी पहिली गोष्ट म्हणजे १४ दिवसांची नोंद. साधी वही, चार रकाने : किती वाजता, त्याआधी काय झालं, किती मिनिटं चाललं, शेवटचं खाणं कधी झालं होतं. उपाय शोधायच्या आधी ही नोंद हवीच.

शेंगाचटणी | ८ जानेवारी, रात्री १०:२०

चौथा रकाना सोन्याचा आहे. साडेपाचला शाळेतून आलेल्या पोराला साडेसहाला क्लासला पाठवायचं आणि मध्ये फक्त बिस्किटं. मग आठ वाजता जे होतं त्याला आपण स्वभाव म्हणतो. आधी भाकरी-चटणी पोटात जाऊ द्या.

त्रैराशिक | ९ जानेवारी, सकाळी ७:३०

एकटेपणाचं गणित मांडतो.

बुद्ध्यंकाची सरासरी १००, प्रमाण विचलन १५. १३० च्या वर साधारण ४५ मुलांत एक मूल येतं, म्हणजे साठच्या वर्गात एखादं. १४५ च्या वर गेलात तर साधारण ७४० मुलांत एक. शाळेत एका इयत्तेच्या दोन तुकड्या धरल्या तर त्याच्या वयाची मुलं १२०. त्या १२० मध्ये त्याच्यासारखं दुसरं मूल नसण्याचीच शक्यता मोठी.

म्हणून 'वर्गात एवढी पोरं आहेत, एकाशी तरी जमव की' हा सल्ला चालत नाही. त्याच्या वयाच्या चौकटीत जोडीदार नाहीच, हा त्या मुलाचा दोष नव्हे. शोध वयाच्या आणि शाळेच्या बाहेर घ्यावा लागतो. दहा वर्षांचं मूल पंधरा वर्षांच्या मुलाबरोबर बुद्धिबळाच्या पटावर दोन तास सुखाने बसतं, कारण तिथे वय कोणी विचारत नाही.

विजापूरवेस | ९ जानेवारी, सकाळी ११:४८

सर, गणित मान्य, पण माझा या सगळ्या लेबलांना विरोध आहे. एकदा 'अतिहुशार' हा शिक्का बसला की घरचे त्याला देव्हाऱ्यात बसवतात आणि पोरगं तिथून उतरायला घाबरतं. शिवाय हुशार म्हणजे दुःखी ही समजूतच चूक आहे. अमेरिकेत लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ पासून दीड हजारावर हुशार मुलांचा आयुष्यभर माग घेतला. तब्येत, मैत्री, लग्न, नोकरी, सगळ्यांत ती मुलं सरासरीएवढी किंवा सरस निघाली. बहुतेक हुशार पोरं मजेत असतात. त्यांना उगाच आजारी ठरवू नका.

मानसवेध | ९ जानेवारी, दुपारी २:१५

दादा, तुमचा मुद्दा निम्मा पूर्ण बरोबर आहे. हुशारी हा आजार नाही आणि बहुतेक मुलांचं नीट चालतं. पण टर्मनची निवड कशी झाली ते बघा. आधी शिक्षकांनी नावं सुचवली, मग चाचणी झाली. शिक्षक सुचवतात ते मूल साधारण नीटनेटकं, आज्ञाधारक, वर्गात रुळलेलं असतं. कोपऱ्यात बसणारं, वही गलिच्छ असणारं तिथेच गळतं. चाचणी देऊनही त्या यादीत न बसलेले विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ यांना पुढे १९५६ आणि १९६८ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणि सगळे हुशार एका पायरीवर नसतात. मानसशास्त्रज्ञ लेटा हॉलिंगवर्थ यांचं १८० च्या वर बुद्ध्यंक असलेल्या मुलांवरचं काम त्यांच्या निधनानंतर १९४२ साली प्रसिद्ध झालं. त्यांचं निरीक्षण असं की साधारण १२५ ते १५५ या पट्ट्यातल्या मुलांचं माणसांत छान जमतं. त्याच्या बरंच वर गेलेल्या मुलांचं अवघड होतं. ती मुलं खेळायला जातात तेव्हा खेळाला नियम लावतात, नियमांना पोटनियम लावतात आणि बाकीची पोरं कंटाळून निघून जातात. मग मूल ताटी लावून बसतं.

शिक्क्याबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. आकडा मुलाला सांगू नये, नातेवाइकांना तर नाहीच.

तिसरीचावर्ग | ९ जानेवारी, रात्री ८:४०

शिक्षकाच्या बाजूने लिहिते. आमच्याकडून होणाऱ्या चुका आधी.

वीस गणितं लवकर झाली की 'अजून वीस घे' म्हणणं. ही शिक्षा आहे. दोन आठवड्यांत मूल मुद्दाम हळू सोडवायला शिकतं. दुसरी, 'बघा, याच्याकडून शिका' म्हणत त्याची वही वर्गासमोर धरणं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला कोणी खेळात घेत नाही. तिसरी, सगळा वेळ त्याला दुसऱ्यांना शिकवायला लावणं. आठवड्यातून एखादा तास ठीक, त्याहून जास्त नको, कारण मग तो वर्गमित्र उरत नाही, छोटा मास्तर होतो.

जमतं ते असं. धडा सुरू करण्याआधी त्याच धड्याचे दहा प्रश्न द्या, सगळ्या वर्गाला द्या म्हणजे कोणी वेगळं पडत नाही. ज्याचे नऊ बरोबर आले त्याचा सराव गाळायचा, चुकला तो एक घटक शिकवायचा. वाचलेल्या वेळात वेगळं काम द्यायचं, जास्तीचं तेच काम नाही. भागाकाराचा सराव वाचला असेल तर 'तीनने भाग जातो की नाही हे अंकांच्या बेरजेवरून कसं कळतं, आणि सातला तसं का जमत नाही' हा प्रश्न आठवडाभर पुरतो.

सतत प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवलं की ते आतून विझतं, आणि प्रत्येक प्रश्न घेतला की वर्ग चिडतो. एका तासाला दोन प्रश्न तोंडी. बाकीचे मागच्या पानावर लिहायचे, शनिवारी त्यातल्या तीन प्रश्नांची उत्तरं. निवडायचे कुठले ते मूलच ठरवतं. त्यात चांगले प्रश्न ओळखायची सवय लागते.

बाईंची चूक दुरुस्त करण्याबद्दल : ते मूल उद्धट नसतं, चुकीचं वाक्य त्याला खड्यासारखं टोचतं. त्याला एक खूण द्या, वहीचा कोपरा दुमडायचा आणि तास संपल्यावर येऊन सांगायचं. आम्हीही मग दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावं की काल हे चुकलं होतं. त्यातून चूक सुधारता येते हे सगळ्यांनाच दिसतं.

भुईकोट | ९ जानेवारी, रात्री ९:०२

शेवटचं वाक्य प्रत्येक शाळेत लावायला हवं.

शेंगाचटणी | १० जानेवारी, दुपारी १:३०

फाटलेल्या कागदाचं काय करायचं कोणी सांगेल का? खोडरबर काढून घ्यावं का?

मानसवेध | १० जानेवारी, दुपारी ३:५०

एकदम काढून घेऊ नका, भांडण खोडरबरावर येऊन थांबेल. क्रम असा ठेवा.

एक वेगळी कच्ची वही, स्वस्तातली, पिवळट पानांची. तिच्यात खोडायचं नाही, चुकलं की एक आडवी रेघ मारून शेजारी पुन्हा. ही वही कोणी तपासत नाही, तिला शेरा नाही. चांगल्या वहीत खोडरबर चालतं. पहिले दोन आठवडे रोज दहाच मिनिटं.

दुसरं, गणिताची अवघडपणाची पातळी. दहापैकी दहा येणाऱ्या मुलाला चुकीची सवयच नसते, म्हणून पहिली चूक डोंगराएवढी वाटते. दहापैकी सहा-सात येतील असा संच घरी द्या. आणि आठवड्यातून एक प्रश्न असा, जो त्या दिवशी सुटणारच नाही. तो कागदावर लिहून फ्रिजवर लावायचा. न सुटलेली गोष्ट घरात चार दिवस असू शकते आणि घर तसंच चालतं, हे त्याला डोळ्यांनी दिसू द्या.

तिसरं, शाबासकी. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांचा १९९८ चा प्रयोग आहे. 'किती हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेल्या पाचवीच्या मुलांनी पुढे सोपं काम निवडलं आणि अवघड संचात अपयश आल्यावर लवकर हात टेकले. 'मेहनत घेतलीस' असं ऐकलेल्या मुलांनी अवघड काम निवडलं.

त्रैराशिक | १० जानेवारी, संध्याकाळी ६:१०

ताई, थोडं अडवतो. त्या प्रयोगावरून पुढे जे शाळाशाळांत कार्यक्रम झाले, त्यांचा परिणाम मोठ्या पाहण्यांत किरकोळच दिसला आहे. आणि ज्या मुलाला मेहनत न करताच आलंय त्याला 'मेहनत घेतलीस' म्हटलं तर त्याला ते खोटं वाटतं, मग आपल्या कुठल्याच शब्दावर ते विश्वास ठेवत नाही. काय केलं ते नेमकं सांगावं : 'दुसरी रीत अडली तेव्हा तू आकृती काढून बघितलीस.' एवढं पुरतं.

मानसवेध | १० जानेवारी, संध्याकाळी ६:४५

मान्य, सर. नेमकं सांगणं हेच जास्त चांगलं.

पूर्वभाग | १० जानेवारी, रात्री ११:२०

इथपर्यंतची चर्चा अशा घरांची आहे जिथे मूल हुशार आहे हे कळलेलं आहे. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकर आणि विडी कामगारांच्या वस्तीत, ते कळतच नाही, त्याबद्दल लिहितो.

घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू आणि मराठीची सरमिसळ, शाळा मराठी. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. पाहुणे नाहीत, पुस्तकं नाहीत, शब्दसंपत्ती विचारणाऱ्या चाचणीत हे मूल मधल्या रांगेत येतं. पण बघायचं असेल तर दुसरीकडे बघा. हजार विड्यांचा हिशेब, त्यातून बाद केलेल्या वजा, पानाचे पैसे वजा, हे नऊ वर्षांचं मूल तोंडी करतं. तीन भाषांत एकच विनोद सांगतं. बिघडलेल्या मागाशी कारागीर काय करतोय हे शेजारी उभं राहून बघतं आणि पुढच्या वेळी आधीच पाना हातात देतं.

या मुलांचं ओझं वेगळं. ती घराचा कारकून होतात. बँकेचा अर्ज, रेशनचं काम, सिव्हिलमध्ये डॉक्टरांशी बोलणं, सगळं त्यांच्यावर. आईचा आजार आईच्या आधी त्यांना कळतो. दहा वर्षांच्या मुलाने 'रिपोर्टमध्ये काय आहे' हे आईला समजावून सांगू नये, त्यासाठी नात्यातलं मोठं कुणी सोबत न्यावं. शाळेने एवढं तरी पालकसभेत सांगावं. दुसरं म्हणजे घरच्यांच्या पुढे निघून गेल्याची टोचणी. बापाचं इंग्रजी चुकलं की हसू येतं आणि हसू आल्याबद्दल रात्री रडू येतं. अशा मुलाला बापाची विद्या दिसली पाहिजे. जॅकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राचे, पंच केलेले पुठ्ठे बघायला न्या. छिद्र असेल तिथे सुई आत जाते, आकडा जागेवर राहतो आणि ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो. छिद्र नसेल तिथे आकडा ढकलला जातो, धागा खालीच राहतो. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याचा (आडवा) एक धागा. संगणकातल्या शून्य-एकाची ही आधीची पायरी आहे आणि ती बापाच्या हाताखाली रोज चालते, हे कळलं की मुलाची मान वर होते.

भुईकोट | ११ जानेवारी, सकाळी ८:१५

मग अशा मुलाची चाचणी करायची तर कुठली?

मानसवेध | ११ जानेवारी, सकाळी १०:३०

भाषेचा अडसर असेल तर रेव्हनच्या आकृतींची चाचणी. ती १९३८ पासून आहे, त्यात शब्दच नाहीत, आकृत्यांच्या मांडणीतला राहिलेला तुकडा ओळखायचा. आपल्याकडे बिने-कामतही वापरतात. व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड-बिनेवरून मराठी आणि कन्नड मुलांसाठी ती बसवली. आपल्या सीमेवरच्या गावाला ते सोयीचं. पण तिची प्रमाणं (म्हणजे ज्यांच्याशी मुलाचे गुण ताडून बघतात ते आकडे) जुनी आहेत आणि जुन्या प्रमाणांवर आकडा फुगतो. त्यात मानसिक वय भागिले खरं वय गुणिले १०० असा हिशेब होतो, बाराचं मानसिक वय असलेल्या आठ वर्षांच्या मुलाला १५०. वेक्सलरच्या, म्हणजे दुसऱ्या एका बुद्धिचाचणीतला १५० वेगळ्या रीतीने निघतो. दोन चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

चाचणीला जाताना : आदल्या रात्री पुरेशी झोप, पोटभर नाश्ता, चष्मा असेल तर चष्मा. सर्दी-ताप असेल तर तारीख पुढे. अहवालात चार गोष्टी मागून घ्या. कुठली चाचणी, कुठल्या सालची प्रमाणं, उपचाचण्यांचे वेगवेगळे गुण, आणि शाळेत नेमकं काय बदलावं. नुसता एक आकडा लिहिलेला कागद उपयोगाचा नाही.

आणि कारण नसेल तर चाचणी करूच नका. शाळेशी बोलायला आधार हवा, किंवा हुशारी आणि गुण यात मोठी तफावत दिसते, तेव्हाच.

तिसरीचावर्ग | ११ जानेवारी, दुपारी १२:०५

तफावतीचा एक प्रकार इथे यायलाच हवा. तोंडी उत्तर अफाट, लेखी पेपर अर्धा कोरा. अक्षरं उलटसुलट, फळ्यावरचं उतरवायला दुप्पट वेळ. हुशारीमुळे अध्ययन अक्षमता झाकली जाते आणि अक्षमतेमुळे हुशारी, म्हणून गुण मध्यम येतात आणि कुणालाच काही खटकत नाही. घरी मात्र 'आळशी' हा शब्द रोज ऐकू येतो. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळतं, ते सरकारी रुग्णालयामार्फत. मग परीक्षेत जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक. तोपर्यंत वर्गात तोंडी उत्तराला गुण द्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

कंबरतलाव | ११ जानेवारी, रात्री ९:३०

रात्रीच्या प्रश्नांबद्दल. मृत्यू, युद्ध, दुष्काळ. या मुलांना बातमी समजते, पण ती पेलायची ताकद वयाप्रमाणेच असते. 'तू लहान आहेस, झोप' म्हटलं की प्रश्न जात नाही, आणखी मोठा होतो. उत्तर खरं द्या, छोटं द्या आणि हातात काही काम द्या.

आपल्याकडचं उदाहरण उजनी धरणाचं. बातमीत 'उजनी उणे ३० टक्के' आलं की असं मूल धरणात थेंबही नाही असं समजून तांब्याभर पाण्यात आंघोळ करायला लागतं. त्याला पाटीवर टाकी काढून दाखवा. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). खालचा सुमारे ६३ हा मृत साठा, वरचा सुमारे ५३ उपयुक्त. टक्केवारी फक्त वरच्या ५३ ची. उणे ३० म्हणजे मृत साठ्यातले साधारण १६ टीएमसी वापरले, अजून ४७ च्या आसपास शिल्लक. घाबरण्याऐवजी त्याला रोज आकडा लिहून आलेख काढू दे. आलेख पावसाळ्यात वर वळतो तेव्हा त्याला जो धीर येतो तो आपल्या शब्दांनी येत नाही.

वेळ मात्र पाळा. संध्याकाळी जेवणाआधी पंधरा मिनिटं 'काळजीची वेळ'. रात्री दिव्यानंतर प्रश्न आला तर चिठ्ठीवर लिहून उशाशी, उत्तर उद्या त्या वेळेला. आजीच्या प्रश्नालाही हेच. 'कुठं जाईल ते मला माहीत नाही, पण आज ती इथं आहे, उद्या तिला विचारूया ती लहानपणी काय खेळायची.'

शेंगाचटणी | १२ जानेवारी, सकाळी ९:००

गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वरांची जत्रा, सुरू होतेय म्हणून विचारते. काही मुलांना आवाज, गर्दी अजिबात सोसत नाही. न्यावं का?

मानसवेध | १२ जानेवारी, सकाळी ९:४०

न्यावं, पण अक्षता सोहळ्याच्या भर गर्दीत किंवा शोभेच्या दारूकामाला एकदम नको. साध्या दिवशी दुपारी चारला जा, पाळणे सुरू होतात आणि गर्दी वाढायची असते. आधी सांगा : दोन पाळणे, एक खाणं, साडेपाचला परत. कानात कापसाचे बोळे. मुलाने हात दाबला की बाहेर पडायचं, वाद नाही.

'अतिसंवेदनशीलता हीच प्रज्ञेची खूण' असं बरेच जण सांगतात, ते डाब्रोव्हस्की या पोलिश मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीवरून. त्याला पुरावा कच्चा आहे. संवेदनशील मूल हुशार असेलच असं नाही आणि हुशार मूल दगडासारखं शांतही असतं.

सातरस्ता | १२ जानेवारी, रात्री १०:१५

मुलींबद्दल कोणी लिहिलं नाही. सहावी-सातवीत त्या हुशारी लपवायला लागतात. हात वर येणं बंद होतं, पेपरात मुद्दाम एक प्रश्न सोडला जातो, कारण मैत्रिणींच्या घोळक्यात राहायचं असतं. अतिहुशार मुलांच्या अभ्यासक मिराका ग्रॉस यांनी हा पेच नेमका मांडला आहे : वर चढायचं की सोबत राहायचं, दोन्हीपैकी एकच निवडा असं त्या वयाला वाटतं. मुलगी गप्प झाली की घरी 'वयात आली, शहाणी झाली' म्हणून कौतुक होतं, म्हणून हे लवकर लक्षात येत नाही. गुण अचानक स्थिर होणं, छंद सोडणं आणि 'मला गणित आवडत नाही' हे वाक्य, तिन्ही एका सत्रात दिसलं तर तिला तिच्या विषयातली तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी मुलगी भेटवून द्या. विद्यापीठात शिकणारी एखादी ताई महिन्यातून दोनदा तासभर. उपदेश नको, दोघींनी मिळून एखादा प्रश्न सोडवावा.

विजापूरवेस | १३ जानेवारी, सकाळी ७:५०

आणि दहावीनंतर लातूर, पुणे, कोटा. दहा वर्षं पहिला आलेलं पोरगं तिथं चाळिसावं येतं. अभ्यास कसा करायचा हे त्याला कधी शिकावंच लागलं नव्हतं, कारण एकदा ऐकलं की येत होतं. आता ऐकून येत नाही आणि कुणाला विचारायची सवय नाही, विचारणं म्हणजे लाज. यासाठी आठवी-नववीतच असा एक विषय हवा ज्यात ते पहिल्या दिवशी कच्चं असेल. तबला, पोहणं, नवी भाषा, काहीही. कच्चं असण्याचा सराव.

झोप उडाली, जेवण तुटलं, 'मी कशालाच लायक नाही' असं बोलणं सुरू झालं तर टेस्टची तारीख बघत बसू नका, गाडी पकडून त्याच्याजवळ जा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट चालतो, मराठीत बोलता येतं. पोरांच्या फोनमध्ये आधीच घालून ठेवा.

भुईकोट | १३ जानेवारी, दुपारी ४:२०

वरच्या वर्गात बसवणं हा उपाय कसा?

तिसरीचावर्ग | १३ जानेवारी, संध्याकाळी ७:००

पूर्ण इयत्ता ओलांडणं आपल्याकडे अवघड, शिक्षण हक्क कायद्याचा सगळा रोख वयानुरूप वर्गावर आहे. एका विषयापुरतं मात्र शाळेला सहज करता येतं, गणिताच्या तासाला तिसरीतलं मूल पाचवीत. वेळापत्रकात दोन्ही वर्गांचा गणिताचा तास एकाच वेळी आला पाहिजे, सगळं तिथेच अडतं. मुलाची स्वतःची इच्छा नसेल किंवा सख्खं भावंड त्याच वर्गात असेल तर करू नका, मोठं भावंड दुखावतं. सहा आठवडे बघा आणि परत येणं म्हणजे हार नाही, हे सुरू करतानाच सांगा.

त्रैराशिक | १३ जानेवारी, रात्री ९:२५

गावातल्या सोयी : केगावचं विज्ञान केंद्र, हिराचंद नेमचंद वाचनालय, बुद्धिबळाचे वर्ग. प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणासाठीच आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात सुरू केलेल्या ज्ञान प्रबोधिनीचं केंद्र सोलापुरातही आहे.

आणि एक प्रकल्प सुचवतो, फुकटातला. सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली अडुसष्ट लिंगं. चार मुलांचा गट, वयं वेगवेगळी. एक नकाशावर जागा मांडेल, एक अंतर मोजेल, एक पुजाऱ्यांशी आणि शेजारच्यांशी बोलेल, एक चित्र काढेल. प्रश्न असा : कमीत कमी चालून सगळी कशी होतील? सगळ्यांत हुशार मुलाला वाटतं हे आपण एकटे करू. दहाच लिंगं घ्यायला सांगा. त्यांचे क्रम ३६,२८,८०० होतात. मग त्याला कळतं की गणिताने सगळं तपासता येणार नाही, आणि ज्या पोराला गल्लीबोळ माहीत आहे त्याने सांगितलेला रस्ता त्याच्या कागदावरच्या रस्त्यापेक्षा चांगला निघतो. इथे त्याला दुसऱ्याची खरीखुरी गरज पडते. 'मिळूनमिसळून राहा' असं सांगून हे साधत नाही.

उजनीकाठ | १३ जानेवारी, रात्री १०:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. पण डब्याचा प्रश्न अजून तिथेच आहे. ती वीस मिनिटं कशी जावीत?

तिसरीचावर्ग | १४ जानेवारी, सकाळी ६:५५

खरंय, मूळ प्रश्न राहिला. संक्रांतीच्या शुभेच्छा देऊन उत्तर लिहिते.

वर्गात चिठ्ठ्या घ्या. प्रत्येकाने 'मला शेजारी कोण बसायला आवडेल' अशी तीन नावं लिहायची, चिठ्ठी फक्त बाई बघणार. कुठल्याच चिठ्ठीत नाव न आलेली दोन-तीन मुलं निघतात, आणि बहुतेकदा आपल्या या मुलाचं नाव एखाद्या अनपेक्षित चिठ्ठीत सापडतं. ते मूल जोडीला घ्या. दोघांना मधल्या सुट्टीचं एक काम द्या जे एकट्याने होत नाही : एकाने पट्टी धरायची, दुसऱ्याने वाचायचं. शाळेच्या टाकीची पाण्याची पातळी, अंगणातल्या कडुनिंबाची सावली, रोज त्याच वेळी. काम पाच मिनिटांचं आहे, जागा मैदानाच्या टोकाला आहे, म्हणून डबा तिथेच उघडला जातो. 'तुम्ही दोघं मित्र व्हा' हे कधीच म्हणायचं नाही. घरून डब्यात दोघांना पुरेल एवढी पोळी-चटणी द्या.

शेंगाचटणी | १४ जानेवारी, सकाळी ७:१०

आज डब्यात तिळाची पोळी द्या, दोन जास्तीच्या. आणि जोडी जमली नाही तर?

तिसरीचावर्ग | १४ जानेवारी, सकाळी ७:१८

तीन आठवडे थांबायचं, मध्ये विचारायचं नाही. मग काम तेच ठेवून जोडी बदलायची, सगळ्या वर्गाचीच बदलायची.